छावणी, कारखाना आणि हॉकीची घडण

मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या समाधींसाठी ओळखले जाणारे अंबाजोगाई निजामी राजवटीत मोमिनाबाद या नावाने नोंदले जात असे आणि तेथे हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेल्या परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकुमाखाली असलेल्या फौजेच्या घोडदळाची छावणी होती. हॉकी भारतात पसरली ती बऱ्याच अंशी अशाच छावण्यांमधून. परंतु कलकत्त्यात बेटन चषक (1895) आणि मुंबईत आगाखान चषक (1896) सुरू होऊन खेळाला बाळसे येत असतानाच, 1903 साली कंटिन्जंटचे स्वतंत्र अस्तित्व संपले.

पुण्याजवळच्या खडकीत मात्र छावणी टिकली आणि 1869 साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यामुळे तिच्याभोवती कामगारांची कायमची वसाहतही उभी राहिली. खेळाडू घडवण्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक मानला पाहिजे, कारण पलटण बदली होऊन जाते, पण कामगाराचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहते आणि धाकटा भाऊ थोरल्याचे पाहून खेळू लागतो. 1968 साली खडकीत जन्मलेले धनराज पिल्ले मोडक्या स्टिका सुतळीने बांधून याच वसाहतीत शिकले. पुढे थोरले बंधू रमेश यांच्या आधाराने ते मुंबईत आले, तेथे जोकिम कार्व्हालो यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले आणि 1989 मध्ये ते भारतीय संघात पोहोचले. ही सारी वाटचाल कोणत्याही योजनेविना, केवळ भाऊबंदांच्या आणि शेजाऱ्यांच्या चिकाटीवर झाली, ही गोष्ट अभिमानाची जितकी आहे तितकीच खंत वाटावी अशीही आहे.

त्यांच्या नेतृत्वाखाली 1998 साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने 32 वर्षांनी सुवर्णपदक जिंकले. तरीही त्यानंतर लगेच त्यांच्यासह अनेक ज्येष्ठ खेळाडूंना वगळण्यात आले आणि प्रशिक्षक कौशिक यांनाही दूर करण्यात आले. संघाची पुनर्बांधणी म्हणजे जुन्यांची हकालपट्टी नव्हे, कारण नवोदित खेळाडू अनुभवी सोबत्याच्या शेजारी खेळूनच पक्व होतो. 2008 साली भारत प्रथमच ऑलिंपिकला पात्र ठरला नाही. त्यानंतर सावरण्यास बरीच वर्षे लागली: 2016 साली लखनौत कनिष्ठ गटाचा, म्हणजे 21 वर्षांखालील खेळाडूंचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातील हरमनप्रीत सिंग यांच्यासारखे अनेकजण 2021 मध्ये टोकियोच्या कांस्यपदकाचे मानकरी ठरले.

दरम्यान महाराष्ट्र शासनाने 1996 साली क्रीडा प्रबोधिनीची, म्हणजे कमी वयात निवडलेल्या मुलामुलींना निवास, शिक्षण आणि प्रशिक्षण एकत्र देणाऱ्या व्यवस्थेची उभारणी केली. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठे सामने कृत्रिम हिरवळीवर होऊ लागले आणि ती अंथरण्याचा व राखण्याचा खर्च लहान गावांना पेलणारा नसल्याने अशा व्यवस्थेची गरज अधिकच वाढली. फलटण तालुक्यातील आसू या गावच्या वैष्णवी फाळके याच मार्गाने भारतीय महिला संघात पोहोचल्या. अंबाजोगाईसारख्या गावातील मुलीलाही हा पल्ला गाठायचा तर अजाण वयातच घर सोडावे लागते, आणि म्हणून तिच्या घडणीला लागणाऱ्या वर्षांचा हिशेब धरताना तिच्या आईवडिलांनी दाखवलेला धीरही त्यात मोजला गेला पाहिजे.