लाकूड गेलं, गोंद राहिला

आमच्या जुन्या मोटरहोमच्या बाथरूममध्ये कमोडपाशी पाय ठेवला की जमीन दबायला लागली होती. गेल्या शनिवारी व्हायनिल उचकटलं, स्क्रू ड्रायव्हर टोचला, तर तो भिजलेल्या बिस्किटात शिरावा तसा आत! खालचं प्लायवूड काळं पडून कुजलेलं. गंमत म्हणजे त्यात गोंदाचे पातळ थर मात्र शाबूत होते. असं कसं? शोधत बसलो, तर गोष्ट आमच्याच गावातली निघाली.

आम्ही राहतो अमेरिकेत, ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला. १९०५ साली इथे लुईस अँड क्लार्क प्रदर्शन भरलं. तिथे काहीतरी नवीन मांडायचं म्हणून पोर्टलंड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या गुस्ताव कार्लसन आणि मंडळींनी इथल्याच लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर आडवे-उभे चिकटवले. गोंद फासायला रंगाचे ब्रश, दाबायला घरं उचलायचे जॅक. (जुगाड काही फक्त आपल्याकडेच नसतो!) गोंद म्हणजे जनावरांपासून केलेला सरस, वास विचारू नका. दारं, कपाटं, ट्रंका बनवणाऱ्यांनी माल उचलला. पुढे मोटारींच्या पायफळ्यांसाठीही प्लायवूड वापरून झालं, पण पावसात पापुद्रे सुटायचे. शेवटी मोटारवाले पत्र्याकडे वळले.

१९३४ मध्ये शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात, ॲबर्डीनच्या हार्बर प्लायवूडमध्ये, जेम्स नेव्हिनने पूर्ण वॉटरप्रूफ गोंद तयार केला. मग प्लायवूड बोटींत गेलं, घरांच्या जमिनींत गेलं आणि चाकांवरच्या घरांतही.

पण वॉटरप्रूफ झाला तो गोंद, लाकूड नव्हे! लाकूड सतत ओलं राहिलं की बुरशी ते खाणारच. वर व्हायनिल असल्यामुळे आत शिरलेलं पाणी बाहेरही पडत नाही. दुकानातल्या प्लायवूडवरच्या 'एक्स्टीरियर' शिक्क्याला मी इतकी वर्षं भुललो होतो. तो मुख्यतः गोंदाबद्दल बोलतो.

असो. आधी गळती शोधली: कमोडखालचं सील. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ढिलं झालेलं. मग स्क्रू ड्रायव्हर शिरेनासा होईपर्यंत कापत गेलो. ताटाएवढं भोक पडेल असं वाटलं होतं, निम्मी जमीन निघाली. पंखा लावून चांगलं सुकवलं, खालून आडव्या पट्ट्यांचा आधार दिला आणि नवीन प्लायवूडच्या कापलेल्या कडांना दोनदा एपॉक्सी पाजलं, कारण पाणी शिरतं ते कडेतूनच.

आता रोज सकाळी नव्या सीलभोवती कागदी रुमाल फिरवून बघतो. अजून तरी कोरडा आहे.