तट्टांची उन्हाळी छावणी

ब्रिटनमध्ये 1929 साली ‘पोनी क्लब’ सुरू झाला. मुलांना घोडेस्वारीबरोबरच घोड्याची निगा शिकवणे, हा त्याचा हेतू. उन्हाळी सुट्टीतली छावणी ही त्याची खरी शाळा ठरली.

तयारी मात्र कितीतरी आधी सुरू होते. नालबंद खूर तासून नाल ठोकतो. खोगीर पाठीला नीट बसते का, तंगाची शिवण उसवली आहे का, हे पाहिले जाते. चरून सुस्तावलेल्या तट्टाला आधी चालवतात, मग दुडक्या चालीने पळवतात. एकदम दामटले तर ते लंगडते.

छावणीत मदतीला पालक आणि मोठी मुले असतात. खरारा, लीद काढणे, पाणी पाजणे, सगळे पाळीपाळीने.

1957 पासून क्लबच्या मुलांसाठी प्रिन्स फिलिप चषकाच्या सांघिक स्पर्धा होऊ लागल्या. त्यांतले कौशल्य अशाच तबेल्यांत घडले.