पाचगणी ते ‘दशावतार’

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या आपल्या मुरुडात एखाद्या पोराच्या हेडफोनमधून हेवी मेटलचा गडगडाट बाहेर झिरपू लागला, की हे विलायती खूळ मोबाइलबरोबर आले असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात या संगीताचे एक मूळ सातारा जिल्ह्यात आहे. त्यासाठी आपल्याला १९५८ सालच्या पाचगणीला जावे लागेल. तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात झांझिबारहून आलेला फरोख बलसारा नावाचा पारशी मुलगा शिकत होता. त्याने सवंगड्यांसह ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. त्यात तो पियानो वाजवी. हाच पुढे ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. क्वीनच्या १९७४च्या ‘शीअर हार्ट अटॅक’ या अल्बममध्ये ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ नावाचे एक भन्नाट वेगाचे गाणे आहे. १९९० साली ‘मेटालिका’ या मेटल बँडने ते आपल्या ढंगात वाजवले आणि पुढल्या वर्षी त्याला मेटलचे ग्रॅमी मिळाले. पाचगणीकरांनी या गोष्टीचा फारसा गवगवा केलेला नाही, याचे मला नवल वाटते.

दरम्यान इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला होता. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या चढवून, हलक्या तारा लावून आणि पुढे त्या सैल करून त्याने जो खर्जातला जड आवाज काढला, तोच मेटलचा पाया ठरला. त्याच वर्षी भारतात ‘सिमला’ सिगारेटच्या नावाने भरलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतल्या बँडांची तबकडी निघाली. १९७१ साली दुसरी. सिगारेटच्या जाहिरातीने का होईना, या पोरांचा आवाज तबकडीवर उतरला. १९७२ साली तर ‘लेड झेपेलिन’ या रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत उतरले. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबात ते वाजवून गेले आणि स्थानिक वादकांना हाताशी धरून त्यांनी आपली ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले. त्रेचाळीस वर्षे मुंबईचा तो वाद्यमेळ कपाटात पडून होता!

आपल्या मातीतल्या हार्ड रॉकचा ठळक टप्पा म्हणजे मुंबईचा ‘रॉक मशीन’. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन या मंडळींचा हा बँड १९८४चा. स्वतःच्या रचनांचा ‘रॉक ’न’ रोल रेनेगेड’ हा त्यांचा अल्बम १९८८ साली आला, ‘द सेकंड कमिंग’ १९९०मध्ये. १९९३ साली त्यांनी ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव भरू लागला आणि या गर्दीला हक्काचे अंगण मिळाले. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, इस्पितळांशेजारचा तो परिसर शांतता क्षेत्रात गेला आणि ते अंगण सुटले.

तरी वाट थांबली नाही. २००० साली साहिल मखिजाने मुंबईत ‘डीमोनिक रिझरेक्शन’ हा मेटल बँड उभा केला. २००५चा ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, २०१०चा ‘द रिटर्न टू डार्कनेस’, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये ‘मेटल हॅमर’ मासिकाचा पुरस्कार. मात्र या अल्बमांचा सैतानी पसारा बराचसा पाश्चात्त्य होता. २०१७च्या ‘दशावतार’मध्ये तो बदलला: मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराला एकेक गाणे, आणि गिटारींच्या जोडीला भारतीय वाद्ये. शब्द इंग्रजी, गळा घोगरा. पण तुळजापूरच्या गोंधळात संबळाचा कडकडाट ऐकत वाढलेल्या मराठवाड्याच्या कानाला यातले ड्रम परके वाटू नयेत. ‘रॉक मशीन’चा मान मोठा आहे आणि तो त्यांच्याकडेच राहो. पण या सगळ्या वाटेवरचा एकच अल्बम निवडायचा झाला, तर मी ‘दशावतार’ निवडीन. ऐकायचा असेल तर मत्स्यापासून क्रमाने ऐकावा.