आठ आण्यांचा कुत्रा : मुंबई, जून १८३२

१/ आज मुंबईच्या कोट भागात, म्हणजे ‘फोर्ट’मध्ये, बँका आणि कचेऱ्या आहेत. १८३२ साली याच भागातील दुकाने एका सकाळी उघडलीच नाहीत. बाजार बंद, रस्त्यावर जमाव, आणि कुलाब्याच्या छावणीतील गोऱ्या शिपायांची रसद अडवलेली. कारण? भटकी कुत्री. मुंबईतील पहिल्या मोठ्या दंगलींपैकी एकीची ही कथा.

२/ प्रथम सरकारची बाजू समजून घेऊ. पिसाळलेला कुत्रा चावला आणि रोगाची लक्षणे दिसू लागली की मृत्यू अटळ, हे तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. लुई पाश्चरने माणसावर प्रतिबंधक लशीचा पहिला प्रयोग केला तो १८८५ साली, म्हणजे या घटनेनंतर ५३ वर्षांनी. तोवर पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर खात्रीचा इलाज नव्हता. भीती खरी होती.

३/ म्हणून कंपनी सरकारने १८१३ पासून एक नियम चालू ठेवला होता : वर्षातील ठराविक उष्ण काळात, एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रस्त्यावरची बेवारस कुत्री मारावीत. हा नियम लोकांना रुचत नव्हता, पण त्यावरून शहर पेटलेही नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो महत्त्वाचा ठरतो.

४/ १८३२ च्या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकत्र आल्या. कुत्री मारण्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे, म्हणजे अर्धा रुपया, इनाम मिळू लागले. त्या काळातील गोरगरिबांच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नव्हती.

५/ आता कुत्री पकडणाऱ्याच्या जागी उभे राहून विचार करा. रस्त्यावरचे कुत्रे चपळ असते. माणूस दिसताच गल्लीबोळात पसार होते. ओट्यावर निजलेले पाळीव कुत्रे मात्र माणसावर विश्वास ठेवते, हाक मारताच जवळ येते. इनाम दोघांचेही सारखेच. व्हायचे तेच झाले : पकडणारे लोकांच्या घरांच्या आवारात शिरू लागले, पाळलेली कुत्रीही नेऊ लागले.

६/ यात सर्वांत खोल जखम झाली ती पारशी समाजाला. आपल्याकडे दत्तात्रेयांच्या पायांशी आणि खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो. जरथुश्त्री धर्मात तर त्याचे स्थान मृत्यूच्या विधीतही आहे. प्रेतापुढे कुत्रा आणून त्याची दृष्टी त्यावर पाडण्याच्या संस्काराला ‘सगदीद’ म्हणतात. ‘वेंदिदाद’ या धर्मग्रंथात कुत्र्याला इजा करणे हे गंभीर पाप मानले आहे.

७/ ६ जून १८३२. तो दिवस पारशांच्या दृष्टीने पवित्र होता. त्याच दिवशी कुत्री मारण्याचे काम चाललेले पाहून सुमारे दोनशे जणांचा जमाव दोन युरोपीय कॉन्स्टेबलांवर चालून गेला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला. आता प्रश्न एकट्या पारशांचा उरला नव्हता; अहिंसा मानणारे जैन, हिंदू व्यापारी आणि काही मुसलमानही त्यात सामील झाले.

८/ हरताळाचे बळ कशात होते, ते पाहा. छावणीला अन्न पुरवणारे, दुकाने चालवणारे, कंपनीचा व्यापार सांभाळणारे हेच लोक होते. त्यांनी हात आखडते घेतले की साम्राज्याच्या शिपायालाही उपाशी राहण्याची पाळी येते! सरकारने लष्कर बोलावले, धरपकड केली, पुढे काहींना शिक्षाही झाल्या. दंगल मोडली, प्रश्न मात्र तसाच राहिला.

९/ तो सोडवायला पुढे आले ते शहरातील मातब्बर व्यापारी, आणि त्यांत अग्रभागी जमशेटजी जीजीभाई. सरकार आणि समाज या दोघांचाही विश्वास असलेल्या या गृहस्थांनी मध्यस्थी केली. मागणी साधी होती : कुत्री मारू नका, शहराबाहेर हलवा. सरकारने ती मान्य केली.

१०/ दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. भुलेश्वरजवळचा तो परिसर आजही त्याच नावाने ओळखला जातो. भटकी व निराधार जनावरे कुठे ठेवायची, या प्रश्नाला शहरातील धनिकांनी स्वतःच्या पैशाने दिलेले ते उत्तर होते. त्याच वर्षी जमशेटजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या हिंदी गृहस्थांची ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणून नेमणूक झाली. शहराच्या कारभारात एतद्देशीयांचा शब्द हळूहळू शिरू लागला होता.

११/ आता तिसऱ्या मुद्द्याकडे परत येऊ. कुत्री मारण्याचा नियम एकोणीस वर्षे चालूच होता. मग १८३२ सालीच शहर का पेटले? कारण त्या वर्षी सार्वजनिक सुरक्षेच्या कामाला मोजणीचे रूप आले. रोग किती घटला हे कोणी विचारीना. किती कुत्री मेली, एवढेच पाहिले गेले. मोजणीमागे पैसा लागला, आणि पैशाच्या मागोमाग सरकारी हात रस्ता ओलांडून लोकांच्या उंबरठ्याच्या आत आला. लोकांचा संताप उसळला तो तिथे.

१२/ हा प्रश्न आजही मिटलेला नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला आणि पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर पुन्हा त्याच भागात सोडावे, असे ठरवले. गंमत पाहा : ‘कुत्री हलवा’ ही १८३२ मध्ये श्वानप्रेमींची मागणी होती, २०२५ मध्ये तीच त्यांची हरकत ठरली.

१३/ फरक एवढाच की आज आपल्या हाती लस आहे. चावा बसताच जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवून वेळेत लस घेतली, तर जीव वाचतो. १८३२ च्या मुंबईकराला हे भाग्य नव्हते. त्याची भीतीही खरी होती आणि ओट्यावरच्या कुत्र्यावरची मायाही खरी होती. या दोहोंपैकी एकीलाच खरे मानून केलेला बंदोबस्त टिकत नाही, हे आठ आण्यांच्या त्या इनामाने शिकवले.

(धागा समाप्त. आपल्या गावातील पांजरपोळीचा इतिहास ठाऊक असेल, तर खाली जरूर लिहा.)