मुशीला भेटायला कुठे जावं?

मंडळी, डोणगावात शार्कवर बोलणार म्हटल्यावर काही चेहऱ्यांवर हसू आलं, ते आम्ही पाहिलं. बरोबरच आहे. आपल्याकडे पोहणं शिकायचं ते विहिरीत, पाठीला डबा बांधून. पैनगंगेला पूर आला तर तो काठावरून पाहायचा. आणि समुद्रातला मासा भेटतो तो आठवडी बाजारात, सुकट-बोंबील होऊन. पण आता आपल्याच भागातली पोरं सुट्टीत तारकर्लीला जातात, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरतात, परत आल्यावर मोबाइलमधले फोटो दाखवतात आणि विचारतात, "सर, आता शार्क बघायची. कुठे जायचं? अंदमान, मालदीव की आफ्रिका?"

प्रश्न साधा वाटतो. खर्च, रजा, विमानाचं तिकीट बघा आणि ठरवा. आमचं म्हणणं वेगळं आहे. शार्क आज कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही, याला निसर्गाइतकाच माणसाचा इतिहास कारणीभूत आहे. तो समजून घेतला तर जागा निवडणं सोपं जातं.

आधी नाव. शार्कला मराठीत शब्द नाही असं पुष्कळांना वाटतं. कोकणात तिला मुशी म्हणतात. मालवण-गोव्याकडे मोरी म्हणतात आणि मोरीचं मटण आवडीने खातात. म्हणजे आपल्या किनाऱ्याला ती परकी कधीच नव्हती. बाजारातली, ताटातली, ओळखीची. ती भयंकर राक्षसीण आहे ही कल्पना कोकणातली नव्हे, ती पडद्यावरून आली. त्या पडद्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो.

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो हा नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता यांनी श्वासाबरोबर लागेल तेवढीच हवा सोडणारी झडप तयार केली. तिच्यामुळे माणूस नळीविना, दोरीविना माशासारखा फिरू लागला. तेच आजचं स्कूबा. पुढे कुस्तोने समुद्राखालच्या जगावर जो चित्रपट केला, त्याला १९५६ साली कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. त्यात एक प्रसंग आहे. व्हेलच्या मेलेल्या पिल्लाभोवती शार्क जमतात, आणि बोटीवरचे खलाशी एकेक शार्क ओढून वर घेतात आणि कुऱ्हाडीने ठार करतात. लक्षात घ्या, हे समुद्राच्या प्रेमात पडलेले लोक होते! त्या काळात शार्कशी वागण्याची दुसरी रीत कोणाच्या मनातही नव्हती.

१९६३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉडनी फॉक्स नावाच्या तरुणाला पाण्याखालच्या भालाफेकीच्या स्पर्धेत मोठ्या पांढऱ्या शार्कने चावा घेतला. फासळ्यांपर्यंत जखम, तो वाचला हेच नवल. पुढे याच माणसाने लोखंडी पिंजऱ्यात बसून शार्क पाहण्याची पद्धत रूढ केली. प्राणिसंग्रहालयात जनावर पिंजऱ्यात आणि माणूस बाहेर असतो, इथे उलटं. माणूस स्वतःहून पिंजऱ्यात जाऊन बसला, ही आम्हाला विसाव्या शतकातली एक मोठी गंमत वाटते.

मग १९७५ चा 'जॉज'. ज्या पीटर बेंचलीच्या कादंबरीवर तो निघाला, त्याने पुढचं आयुष्य शार्क वाचवा म्हणून सांगण्यात घालवलं. पण एकदा बसलेली भीती कुठे उतरते? माणूस डिवचायला गेला नसताना शार्कने केलेल्या हल्ल्यांत जगभरात वर्षाला सरासरी पाच-सहा माणसं मरतात. उलट माणूस वर्षाला सुमारे १० कोटी शार्क मारतो, असा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. शार्क उशिरा वयात येते आणि तिला पिल्लं थोडी होतात. आपल्या सोयाबीनसारखं दरवर्षी नवं पीक तिथे येत नाही.

आता मालदीवकडे वळू, कारण 'कुठे जावं' या प्रश्नाला आजचा आकार तिथे मिळाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एक हिशेब मांडला गेला. कोळ्याने पकडलेल्या एका राखी प्रवाळ-शार्कचे त्याला एकदाच सुमारे ३२ डॉलर मिळत. तीच शार्क जिवंत राहिली आणि पाणबुडे पर्यटक तिला पाहायला आले, तर ती वर्षाला सरासरी ३,३०० डॉलर मिळवून देत होती, आणि दरवर्षी देणार होती. हा आकडा जगभर फिरला. २०१० साली मालदीवने आपल्या सगळ्या समुद्रात शार्कची मासेमारी बंद केली. त्याच्या आदल्याच वर्षी पलाऊ या चिमुकल्या देशाने आपला समुद्र शार्कचं अभयारण्य म्हणून जाहीर केला होता. आज तिकडे शार्क दिसतात, त्यामागे हे निर्णय आहेत.

इथे आमच्यातला तत्त्वज्ञानाचा मास्तर थोडा अडतो. कांटने १७८५ साली एक भेद सांगितला: काही गोष्टींना किंमत असते आणि काहींना प्रतिष्ठा. जिला किंमत आहे तिच्या बदल्यात दुसरं काही घेता येतं; जिला प्रतिष्ठा आहे तिचा मोबदला नसतो. कांटच्या लेखी ही प्रतिष्ठा फक्त विवेकशील माणसाची, माशाला ती त्याने दिली नसती. पण प्रश्न उरतोच. ३,३०० डॉलरवर वाचलेला जीव उद्या कोणी ४,००० मोजले तर वाचेल का? नुसत्या किमतीवर उभं केलेलं संरक्षण बाजारभावासारखं खालीवर होणार. कापसाचा भाव पाहिलेल्या माणसाला हे आम्ही काय समजावून सांगावं!

म्हणून सौराष्ट्राची हकीकत आम्हाला अधिक मोलाची वाटते, आणि ती आपल्या शेजारची आहे. वेरावळ, मांगरोळच्या किनाऱ्याला व्हेल शार्क येतात. व्हेल नव्हे बरं का. मासाच, पण जगातला सगळ्यात मोठा मासा. बारा मीटर आणि त्याहूनही लांब वाढतो आणि पाणी गाळून बारीकसारीक जीव खातो. कोळी त्याला 'बॅरल' म्हणत, कारण हार्पून मारला की त्याला पिंप बांधून ठेवत. मासा दमेपर्यंत पिंप तरंगत राही. यकृताचं तेल होड्यांना लावायला आणि मांस परदेशी. अशा शेकडो मारल्या गेल्या. माइक पांडे यांनी त्यावर माहितीपट केला, आणि २००१ च्या मे महिन्यात व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळाली. वाघाच्या पंक्तीत बसलेला हा आपल्याकडचा पहिला मासा.

पण कायदा दिल्लीत झाला आणि जाळं वेरावळला होतं. त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने सगळ्याच शार्क आणि पाकट यादीत टाकल्या, मच्छीमारांनी विरोध केला, आणि डिसेंबरात यादी दहा जातींवर आली. नुसत्या फतव्याने काय होतं आणि काय होत नाही ते एका वर्षात कळलं. मग २००४ पासून वन्यजीव संस्था, वनखातं आणि एक उद्योगसमूह यांनी मोहीम काढली आणि मोरारीबापूंना बोलावलं. ही लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला कसं मारणार? असं ते सांगू लागले. 'बॅरल' हे नाव मागे पडलं आणि 'व्हाली', म्हणजे लाडकी, हे नाव पुढे आलं. फाटलेल्या जाळ्यासाठी भरपाईही ठेवली गेली, ती विसरू नका. माहेरवाशिणीसाठी जाळं कापायचं, पण घरही चालायला हवं. मारणारेच हात सोडवू लागले, आणि तेव्हापासून शेकडो व्हेल शार्क जाळं कापून परत समुद्रात गेल्या आहेत. व्हेल शार्क तिथे खरोखर पिल्लं घालायला येते का, हा जीवशास्त्राचा प्रश्न वेगळा. माहेर या शब्दाने जे केलं ते डॉलरच्या हिशेबाला एकट्याने जमलं नसतं, असं आमचं मत आहे.

महाराष्ट्रानेही २०१८ च्या डिसेंबरात तशी योजना आणली. संरक्षित जीव जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. एका हाताने जाळं कापायचं आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरायचा, हलत्या होडीत! तरी लोक करतात.

मालवणचं चित्र मात्र गुंतागुंतीचं आहे. १९८७ साली तिथे २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ला त्याच्या गाभ्यात. रापणकरांनी आणि इतर मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला, कारण त्यांना विचारलं कोणी? पुढे सारंग कुलकर्णींसारख्या सागरी जीवशास्त्रज्ञांनी स्थानिक पोरांना पाणबुडीचं शिक्षण दिलं, पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था तारकर्लीला उभी राहिली आणि समुद्राखालचं प्रवाळ दाखवून चूल पेटते हे लोकांनी अनुभवलं. पण शार्क? किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात तुम्हाला रंगीत मासे दिसतील. मुशी दिसेल या आशेने जाऊ नका. आपल्या किनाऱ्यावर ती अजून मुख्यतः बाजारातच भेटते. शार्क पकडणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक फार वरचा आहे. विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आंग्रिया बँक आहे, पाण्याखालचं प्रवाळाचं पठार. तिथलं जग समृद्ध आहे, पण ते सहलीला जाण्याचं ठिकाण नाही.

मग जायचं कुठे? भारतात राहायचं तर लक्षद्वीप किंवा अंदमान. लक्षद्वीपला परवाना लागतो, तो आधी काढा. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाशीही कधी कधी नशीब उघडतं. परदेशात जाणाऱ्यांनी जुन्या पुस्तकांवर आणि ऐकीव माहितीवर विसंबू नये. दक्षिण आफ्रिकेतलं गान्सबाय मोठ्या पांढऱ्या शार्कसाठी प्रसिद्ध होतं. २०१७ साली तिथे ऑर्कांनी शार्कची यकृतं काढून खाल्ली आणि उरलेल्या शार्क तिथून निघून गेल्या. मेक्सिकोने ग्वाडालूप बेटावरचं शार्क-पर्यटन २०२३ च्या जानेवारीत कायमचं बंद केलं.

आणि आमिषाची चौकशी करा. फिलिपिन्समध्ये दोन गावं आहेत. डोन्सोलला व्हेल शार्क आपल्या मर्जीने येते. दिसली तर दिसली. ओस्लोबला तिला रोज कोळंबीसारखे बारीक जीव चारतात, म्हणून ती हमखास दिसते, होड्यांना चिकटून राहते आणि अंगावर जखमांचे व्रण वागवते. हमखास दर्शनाची हमी देणाऱ्या देवळाबद्दल आपल्याला जी शंका येते, तीच इथे यावी. पण आमिष म्हणजे सरसकट पाप, असंही नाही. फिजीमध्ये २००४ साली राखीव केलेल्या एका प्रवाळावर शार्कना चारतात, आणि तिथे उतरणाऱ्या प्रत्येक पाणबुड्याकडून घेतलेला कर मासेमारीचा हक्क सोडणाऱ्या गावांना जातो. तिथे पैसे कोणाला मिळतात ते तरी स्पष्ट आहे.

राहता राहिली सुरक्षितता. भीती शार्कची बाळगू नका, होडीची बाळगा. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोघांचा जीव गेला. तेव्हा लाइफ जॅकेट आहे का, होडीत माणसं किती बसवली आहेत, प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र कोणाचं आहे, हे पाण्यात उतरण्याआधी विचारा. पावसाळ्यात कोकणात जाऊच नका. ऑक्टोबर ते मे हा हंगाम, आणि त्यातही पाणी नितळ असलेले दिवस स्थानिक कोळीच सांगू शकतो. त्याच्याशी बोलताना एवढं विचारा: तुमच्याकडे मोरी अजून पकडतात का, आणि जाळ्यात व्हेल शार्क आली तर काय करता? तो जे सांगेल त्यावरून पुढचं तिकीट काढा.