खाली येणारा चेंडू आणि फ्लीट वॉकर यांचे हात

क्रिकेटचा यष्टिरक्षक आपल्याला चांगला ठाऊक आहे. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये त्याच्या जागी कॅचर असतो. यष्टिरक्षकाच्या हाती फलंदाजाकडून सुटलेला चेंडू येतो. कॅचरच्या बाबतीत मात्र पिचर प्रत्येक चेंडू टाकतो तोच त्याच्या हातमोज्याकडे. कोणता चेंडू टाकायचा, याची खूणही परंपरेने कॅचरच बोटांनी करत आला आहे. चेंडू ठरलेल्या पट्ट्यातून आला तर स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. बाहेरून गेला तर ‘बॉल’, आणि असे चार झाले की बॅटर चालत पहिल्या बेसवर.

या पट्ट्याची खालची कड गुडघ्याशी असते आणि वादही तिथेच होतात. १९९६ साली नियमाने ही कड गुडघ्याच्या वरच्या टोकावरून वाटीखालच्या खोलगट जागेपर्यंत उतरवली. तिथे येणारा चेंडू वेगात असतो आणि खाली झुकत असतो. कॅचरने हात वरून खाली नेला, तर चेंडू हातमोज्याला जमिनीकडे ओढतो आणि चांगला स्ट्राइकही अंपायरला वाईट दिसतो.

म्हणून आजचा सराव जमिनीपासून सुरू होतो. कॅचर एक गुडघा टेकून बसतो, हातमोजा मातीला लावतो आणि चेंडूच्या खालून वर येत तो झेलतो. प्रशिक्षक आधी जवळून हलके चेंडू टाकतो. मग नेहमीच्या, सुमारे १४५ ग्रॅमच्या चेंडूऐवजी जड चेंडू देतो, म्हणजे मनगट न झुकवण्याची सवय लागते. त्यानंतर यंत्रातून वेगवान चेंडू. कधी कधी पुढचा चेंडू कसा येणार, हे कॅचरला मुद्दाम सांगत नाहीत.

ही कला जुनी आहे, पण तिचं मोजमाप नवं. २००८ पर्यंत अमेरिकेच्या सगळ्या प्रमुख मैदानांवर चेंडूचा मार्ग टिपणारे कॅमेरे बसले. २०११ मध्ये माइक फास्ट यांनी त्या नोंदींवरून दाखवलं, की काही कॅचर नुसत्या झेलण्याच्या पद्धतीने संघाच्या धावा वाचवतात. पुढे मिनेसोटा ट्विन्सच्या टॅनर स्वॉन्सन यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी गुडघा टेकून बसण्याची पद्धत रुजवली, आणि काही वर्षांत ती सगळीकडे दिसू लागली.

आता या कामाची सुरुवात कशी होती, तेही पाहू. कॅचरचा जाळीदार मुखवटा १८७७ च्या सुमारास हार्वर्डच्या फ्रेड थेयर यांनी आणला. पायांचे पॅड प्रमुख सामन्यांत रुळले ते १९०७ साली रॉजर ब्रेस्नाहन यांनी बांधल्यानंतर. मधल्या काळात, १८८४ च्या हंगामात, टोलेडोच्या संघात एक कॅचर होते: मोझेस फ्लीटवुड वॉकर. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात शिकलेले. उघडपणे कृष्णवर्णीय म्हणून प्रमुख लीगमध्ये खेळणारे ते पहिले खेळाडू.

तेव्हा पिचर ५० फुटांवरून चेंडू टाकत असे. आज हे अंतर ६० फूट ६ इंच आहे. बॅटरला ‘मला खालचा चेंडू हवा’ असं मागण्याचाही अधिकार होता. जाड गादीचा हातमोजा अजून रुळला नव्हता. वॉकर बहुतेक वेळा उघड्या हातांनीच झेलत.

त्यांच्या संघाचे मुख्य पिचर होते टोनी मुलेन. काळ्या माणसाची खूण मानायची नाही, म्हणून ते वॉकर यांच्या खुणांकडे न बघता मनाला येईल तो चेंडू टाकत. पुढे अनेक वर्षांनी मुलेन यांनीच हे कबूल केलं. वॉकर यांच्याइतका चांगला कॅचर आपल्याला मिळाला नाही, हेही तेव्हाच सांगितलं. त्यांच्या आठवणीनुसार वॉकर एकदा पुढे चालत आले आणि म्हणाले, खुणेशिवाय झेलायला मी तयार आहे, पण खूण दिल्यावर तुम्ही दगा देणार असाल तर झेलणार नाही. त्यानंतर काय येतंय हे ठाऊक नसताना ते हंगामभर झेलत राहिले.

वॉकर ४२ सामने खेळले. रिचमंडहून संघाच्या व्यवस्थापकाला पत्र आलं, की वॉकर मैदानात उतरले तर जमाव हल्ला करेल. दुखापतींनी त्रस्त झालेल्या वॉकर यांना संघाने हंगाम संपण्याआधीच सोडलं. त्याच वर्षी त्यांचे भाऊ वेल्डी काही सामने खेळले, आणि मग दार बंद झालं. १८८७ मध्ये वॉकर ज्या दुय्यम लीगमध्ये खेळत होते, तिच्या मालकांनी यापुढे कृष्णवर्णीयांना करारबद्ध न करण्याचं ठरवलं. प्रमुख लीगमध्ये तर लेखी नियमाचीही गरज पडली नाही. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन आले, १९४८ मध्ये कॅचर रॉय कॅम्पानेला. मधली ६३ वर्षं कोणाचे हात वाया गेले, याची नोंद कोणत्याच कॅमेऱ्याकडे नाही.

एकत्र काम करणाऱ्यांत एकाने दुसऱ्याची खूण मानणं, एवढ्यावर हा खेळ उभा आहे. कौशल्याचं कौतुक करायचं आणि शब्दाला मात्र किंमत द्यायची नाही, हा मुलेन यांचा न्याय फक्त त्या मैदानावरच चालत होता असं नाही.

न सांगता टाकलेला चेंडू झेलणं हा आज सरावाचा भाग आहे. तो टाकणारा प्रशिक्षक कॅचरच्या भल्यासाठी टाकतो. वॉकर यांना तो सामन्यात झेलावा लागला, उघड्या हातांनी, आणि टाकणारा त्यांच्याच संघातला होता.