अस्सल, नक्कल आणि चालती प्रत

सिंदी मेघे हे नावाला गाव; वस्तुतः वर्धा शहराला येऊन मिळालेली वस्ती. येथील आमच्या पडवीत वडिलांची १९८२ सालची येझदी रोडकिंग कित्येक वर्षे उभी होती. ती पुन्हा चालती करायचे ठरवले, तेव्हा प्रश्न केवळ यंत्राचा राहणार नाही याची कल्पना नव्हती. पिस्टन कुठे मिळेल, या चौकशीमागून एका कारखान्याचा इतिहास आला आणि त्यामागून साहित्याच्या अभ्यासकाला चांगलाच परिचित असलेला प्रश्न आला : अस्सल प्रत कोणती?

ही गाडी मुळातच एक भाषांतर आहे. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने रुस्तम इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ साली म्हैसूर येथे उत्पादन सुरू केले. पुढे करार सरला आणि १९७० च्या दशकात तेच यंत्र ‘येझदी’ झाले; हे नाव इराणातील यझ्द शहराशी नाते सांगते. १९७८ साली रोडकिंग आली. लांबच्या प्रवासाला, वाईट रस्त्याला आणि दोन माणसांच्या ओझ्याला न कंटाळणारी अशी तिची ख्याती होती. १९९६ साली कारखाना बंद पडला. कामगारांचा रोजगार गेला, आणि देशभर धावणाऱ्या गाड्यांचे माहेरही तुटले.

त्यानंतर सुटे भाग मिळवणे हा शोधग्राम चालवण्यासारखा उद्योग झाला. पुण्याचा जुना बाजार आणि नाना पेठ, मुंबईचा चोरबाजार, कुठल्यातरी तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या दुकानाचा माळा, अशा ठिकाणी कागदात गुंडाळलेला, तेलकट पण कोरा भाग अचानक हाती लागतो. सगळेच भाग सारखे दुर्मीळ नसतात. सिलिंडर झिजला तर बोअर करून किंचित मोठा पिस्टन बसवता येतो. क्रँकच्या कडेचे रबरी सील कडक झाले तर इंजिन हवा ओढू लागते. पण तसे सील मापाने मिळते. खरी अडचण येते ती या गाडीच्या खास भागांची. येथे किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा आहे. तो आत दाबून फिरवला की किकचे काम करतो. त्या दांड्याच्या शाफ्टचे दाते झिजले, तर दुसऱ्या कुठल्याही गाडीचा शाफ्ट तेथे चालत नाही.

बाजारात त्याच भागाची नवी नक्कलही मिळते. ती दिसायला हुबेहूब असते, परंतु लोखंड मऊ निघाले तर फार टिकत नाही. अशा वेळी आमच्या वृद्ध मिस्त्रींनी विचारले, “सर, वरिजनल पायजे का चालू पायजे?”

या प्रश्नाला मराठी वाङ्मयात जुनी परंपरा आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद शिरल्यावर एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कुणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण केली, तीही असंख्य हस्तलिखिते ताडून. दोन्हीकडे प्रक्षेप दूर सारणे हे ध्येय होते. पण ज्ञानेश्वरी जगली ती केवळ शुद्ध प्रतीमुळे नव्हे. ती पारायणात वाचली जात राहिली म्हणूनही.

नकलेने अस्सलाला जगवल्याचे उदाहरण याच क्षेत्रात आहे. रॉयल एनफिल्डची बुलेट १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागली. इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७० च्या सुमारास संपली. १९७७ पासून मद्रासची बुलेट इंग्लंडला निर्यात होऊ लागली. येझदीच्या नशिबी हे सातत्य नव्हते. २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावे परतली खरी, पण ती नवी यंत्रे आहेत. त्यांचा पिस्टन जुन्या गाडीला लागत नाही.

कायद्याचे उत्तर वेगळे आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि मोठे फेरबदल न झालेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र ते नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे अस्सलपणाचा मान हवा असेल तर चालणे सोडावे लागते. हस्तलिखित काचेच्या कपाटात ठेवण्यासारखेच हे झाले.

आम्ही शेवटी शाफ्ट वर्ध्यातल्याच एका लेथवर नवा करून घेतला. त्यावर कारखान्याचा शिक्का नाही. याच वर्ध्यात १९३४ पासून मगनवाडीत ग्रामोद्योगाचा प्रयोग झाला; गावातल्या हातांचे कौशल्य टिकले पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. मोटारसायकल त्या विचारात कितपत बसेल, हा वाद बाजूला ठेवू. पण मिस्त्रींनी शाफ्टचे माप ज्या वहीत पेन्सिलीने उतरवले, ती वही आज मला सुट्या भागाहून मोलाची वाटते. भाग पुन्हा घडवता येतो. तो घडवणाऱ्याची विद्या लिहून ठेवली नाही, तर पुढच्या गाडीला ना अस्सल मिळेल ना नक्कल.